हायब्रिड लाकडी स्टोव्ह: झडप कधी लावायची, हवा कधी कमी करायची

काच दोन दिवसांत काळी पडते. लाकूड घालायला दार उघडले की धूर खोलीत येतो. धूर जाळणारा महागडा ठोकळा, म्हणजे कॅटॅलिस्ट, दोन हिवाळ्यांतच ‘गेला’ म्हणून बदलावा लागतो. हायब्रिड स्टोव्ह घेतलेल्यांच्या तक्रारी बहुतेक या तीनच असतात, आणि तिन्हींचे मूळही बहुधा एकच असते: कामांचा क्रम चुकतो. हाताला जुन्या साध्या स्टोव्हची सवय असते. पेटवला, गच्च भरला, हवा दाबली आणि झोपायला गेलो. हायब्रिडमध्ये असे केले की तो रात्रभर धुमसतो आणि सकाळी आपण स्टोव्हला शिव्या घालतो.

एक खुलासा आधीच करतो. लाकूड आणि पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) दोन्ही जाळणाऱ्या स्टोव्हलाही काही ठिकाणी ‘हायब्रिड’ म्हणतात. हा लेख त्याबद्दल नाही. इथे हायब्रिड म्हणजे धूर दोनदा जाळणारा स्टोव्ह: आधी वरच्या गरम हवेच्या नळ्यांपाशी, आणि तिथून जे निसटेल ते कॅटॅलिस्टमध्ये.

## आत काय चालते, तेवढे आधी

लाकूड तापले की त्याच्या वजनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. हा वायू जळला तर उष्णता मिळते. नाही जळला तर तोच धूर, आणि थंड धुराड्यात चिकटला की तेच क्रिओसोट.

स्टोव्हच्या पोटात वर, छताच्या फळीखाली, भोके असलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा येते आणि धुराचा वायू पुन्हा पेटतो. पण त्यासाठी तिथे साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मोठा जाळ असताना ते सहज मिळते, हवा कमी करून आच मंदावली की मिळत नाही. तिथून पुढचे काम कॅटॅलिस्टचे. हा चिनीमातीचा किंवा पोलादी पत्र्याचा जाळीदार ठोकळा असतो. त्याच्या बारीक घरांवर पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचा लेप असतो, आणि त्या लेपामुळे धूर साधारण २६० अंशांनाच जळू लागतो.

म्हणजे जोरात जळताना नळ्या राबतात आणि मंद जळताना कॅटॅलिस्ट. पण २६० अंशांच्या खाली कॅटॅलिस्ट म्हणजे धुराच्या वाटेतला नुसता अडथळा. म्हणूनच बायपास झडप दिलेली असते. ती उघडी असली की धूर कॅटॅलिस्टला वळसा घालून सरळ धुराड्यात जातो, आणि लावली की त्याला कॅटॅलिस्टमधूनच जावे लागते. ही झडप कोणत्या क्षणी लावायची, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या स्टोव्हच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

## तयारी १: लाकूड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि नाव मात्र स्टोव्हचे खराब होते. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

लाकडात ओल २० टक्क्यांपेक्षा कमी हवी, १५ ते १८ असेल तर उत्तम. ओल्या लाकडाचा तोटा म्हणजे पाणी उकळायला लागणारी उष्णता वाया जाते, एवढाच हिशेब लोक करतात. ती जातेच, पण खरा घात तापमानाचा होतो. पाणी निघून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते, नळ्यांपाशी ६०० अंश कधी येतच नाहीत, आणि कॅटॅलिस्टवर वाफेने थंड झालेला धूर येत राहतो. दोन्ही यंत्रणा एकदमच बंद पडतात. साध्या स्टोव्हमध्ये ओले लाकूड रडतखडत का होईना जळते. हायब्रिड तेवढेही चालवून घेत नाही.

‘दोन वर्षांपूर्वी तोडलेले आहे’ हे ऐकून लाकूड घेऊ नका. लाकूड फोडल्यावर सुकायला लागते. अख्खा ओंडका सालीसकट दोन वर्षे पडून राहिला तरी आतून ओलाच असतो. मऊ लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडे ठेवले तर बहुधा एका वर्षात तयार होते. ओकसारख्या कठीण, घट्ट लाकडाला दोन वर्षे, कधी तीनही लागतात. ढिगावर चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळणे ही तर नेहमीची चूक. पावसाचे पाणी आत जात नाही हे खरे, पण लाकडातले पाणीही बाहेर पडत नाही.

ओल मोजायचे यंत्र स्वस्त मिळते. फक्त ते नीट वापरायला हवे:

- लाकूड एक दिवस खोलीत ठेवून मग मोजा. थंड लाकूड खोटा, कमी आकडा दाखवते.
- फोड पुन्हा मधोमध फोडा आणि नव्या, आतल्या बाजूवर मोजा. टोकाला किंवा बाहेरून मोजलेला आकडा मनाला बरे वाटण्यापुरताच.
- यंत्राच्या दोन्ही सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने टोचा, आडव्या नको.
- ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या निदान चार-पाच फोडी मोजा.

सावधान: रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक, चकचकीत रंगीत कागद, घरातला कचरा आणि समुद्रातून वाहून आलेले खारट लाकूड यांतले काहीही आत जाता कामा नये. त्यांतले शिसे, जस्त, गंधक, क्षार कॅटॅलिस्टच्या लेपावर बसतात आणि तो निकामी करतात. असा विषबाधा झालेला कॅटॅलिस्ट झटकून, पुसून परत येईल या भरवशावर राहू नका. पेटवायला साधे वर्तमानपत्र चालते.

## तयारी २: थंड स्टोव्हची तपासणी

हंगामाच्या सुरुवातीला हे एकदा करा. अर्धा तास पुरतो.

छताची फळी. नळ्यांवरची ही फळी बऱ्याच स्टोव्हमध्ये हलकी आणि ठिसूळ असते. लाकूड आत ढकलताना तिला धक्का लागतो. धुराडे साफ करताना ती काढली जाते आणि परत बसवताना बोटभर पुढे किंवा मागे राहते. मग धूर त्या फटीतून निसटतो, नळ्यांपाशी जळतही नाही आणि कॅटॅलिस्टकडेही जात नाही. ‘धुराडे साफ केल्यापासून स्टोव्ह पूर्वीसारखा चालत नाही’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय या फळीवर घ्या.

बायपास झडप. उघडून लावून पाहा. लावल्यावर ती पूर्ण टेकते का? कडेला राख किंवा काजळीचा खडा अडकला असेल तर ती लागल्यासारखी वाटते, पण लागत नाही.

दाराची दोरी, म्हणजे दाराच्या कडेने फट बंद करणारी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत यायला हवी. सहज सुटली तर त्या जागची दोरी दबून गेली आहे, बदला. चारही बाजूंना तपासा, बिजागरीच्या बाजूला विशेष.

तापमापक. कॅटॅलिस्टजवळच्या तापमापकाची दांडी नीट आत गेली आहे ना, पाहा. धुराड्याच्या पाइपवरचा चुंबकी तापमापक वेगळा. तो कॅटॅलिस्टचे तापमान सांगत नाही. या दोघांची गल्लत करून लोक झडप पंधरा मिनिटे आधीच लावतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत हवाच, आणि त्याचे बटण दाबून तो वाजतो का हेही पाहायला हवे.

नवा स्टोव्ह असेल तर पहिले दोन-तीन जाळ छोटे करा आणि प्रत्येक वेळी तो पूर्ण थंड होऊ द्या. रंग पक्का होतो, विटांतली ओल निघते. वास येईल, खिडकी उघडा. नवा कोरा कॅटॅलिस्ट पहिल्या काही जाळांत जरा जास्तच उत्साही असतो आणि काटा एकदम चढतो. त्याने घाबरून जाऊ नका.

## टप्पा १: पेटवणे

१. बायपास झडप पूर्ण उघडा. हवेची दांडी (आत येणारी हवा कमी-जास्त करणारी) पूर्ण उघडी. हे दोन्ही काडी ओढण्यापूर्वी.

२. धुराड्याची ओढ तपासा. दार किंचित उघडून पेटती काडी फटीशी धरा. ज्योत आत झुकली तर ठीक. बाहेर झुकली तर धुराड्यात थंड हवेचा खांब बसला आहे. कागदाचा एक बोळा शक्य तितका वर पेटवून पाइप तापवा, मग पुन्हा पाहा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर बंद करा. घरातली हवा तो ओढतो आणि धुराड्याचा श्वास उलटा होतो.

३. रचना वरून पेटणारी करा. खाली दोन-तीन मध्यम फोडी, त्यांवर बारीक फोडी, वर बोटाएवढ्या ढलप्या आणि सगळ्यात वर पेटवण. हे आपल्या सवयीच्या उलटे आहे, पण यात धूर जाळातून वर जाताना जळतो, आणि धुराडे लवकर तापते. खालून पेटवले की थंड लाकूड वर असते आणि पहिली दहा मिनिटे नुसता धूर.

४. दार लावा. काही स्टोव्हना पहिली चार-पाच मिनिटे दार बोटभर उघडे लागते.

सावधान: दार किलकिले आहे तोवर स्टोव्हसमोरून हलायचे नाही. फोन वाजला, दाराची बेल वाजली, तर आधी दार लावायचे. स्टोव्ह बेफाम तापल्याचे आणि धुराडे पेटल्याचे प्रसंग ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेल्यांच्या घरी घडतात.

## टप्पा २: वाट पाहणे

यात करायचे काहीच नाही, म्हणूनच हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो.

जाळ मोठा दिसतो, काच झळाळते, आणि हात झडपेकडे जातो. थांबा. जाळ मिनिटात मोठा होतो, पण लोखंड, विटा आणि कॅटॅलिस्ट तापायला वेळ लागतो. थंड स्टोव्हला २० मिनिटेही लागतील, ४५ही. दगडी आवरणाच्या जड स्टोव्हला आणखी जास्त. घड्याळ पाहून झडप लावणारा एक दिवस बरोबर ठरतो आणि तीन दिवस चूक. काट्याकडे पाहा.

ढलप्या विझत आल्या आणि काटा अजून खाली असेल तर मध्यम फोडी घाला. मोठे ओंडके आत्ता नको.

झडप लावण्यापूर्वी तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात:

- कॅटॅलिस्टचा काटा २६० अंशांच्या पुढे गेला आहे, किंवा तापमापकावरच्या ‘चालू’ पट्ट्यात आला आहे. नुसता टेकला असेल तर आणखी पाच मिनिटे द्या.
- फोडींच्या कडा काळ्या होऊन भेगाळल्या आहेत. ओलसर लाकूड टोकांतून सुसू आवाज करत असेल तर वाफ अजून निघते आहे.
- जाळ स्वतःच्या जोरावर जळतो आहे, नुसत्या ढलप्यांच्या भरवशावर नाही.

वाफेची अट उगाच नाही. तापलेल्या चिनीमातीच्या कॅटॅलिस्टवर ओली वाफ एकदम आली तर तो धक्क्याने तडकू शकतो. तापलेल्या काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतल्यासारखेच.

## टप्पा ३: झडप लावणे

झडप एका झटक्यात, पूर्ण लावा. अर्धवट लावलेली झडप कसल्याच कामाची नाही.

हवेची दांडी मात्र अजून हलवू नका. एकाच वेळी झडप आणि हवा, दोन्ही बंद करणे ही हायब्रिडमधली सगळ्यात सर्रास चूक. नव्या वाटेने जायला धुराला अडथळा झालेला असतो, त्यात हवाही तोडली की जाळ कोसळतो.

तपासा: पाच-दहा मिनिटांत कॅटॅलिस्टचा काटा आणखी चढायला हवा. उतरू लागला तर झडप लवकर लावली गेली. मानापमान न मानता ती परत उघडा, दहा मिनिटे तापू द्या, पुन्हा लावा.

कॅटॅलिस्ट लाल दिसला नाही तर तो बंद आहे असे समजू नका. तो लाल व्हायला साधारण ५०० अंशांच्या पुढे जावे लागते, काम तो त्याच्या बऱ्याच आधी सुरू करतो. बऱ्याच स्टोव्हमध्ये तो दिसेल अशा जागी नसतोच.

## टप्पा ४: हवा कमी करणे

आता हवेची दांडी एक-चतुर्थांश लावा. पाच ते दहा मिनिटे थांबा. पुन्हा एक-चतुर्थांश. असे तीन वेळा करायला अर्धा तास जातो, आणि पुढचे सहा-आठ तास त्यावर सुखाने जातात. काही स्टोव्हमध्ये हवा स्वयंचलित असते. तिथे दांडी म्हणजे इस्त्रीची तापमानाची चकती समजा, हवे ते तापमान ठरवून सोडून द्या.

पाहायचे ते जाळाकडे. पहिल्यांदा तो लाकडाला धरून असतो. हवा कमी होईल तसा तो लाकूड सोडून वर, नळ्यांपाशी, संथपणे तरंगू लागतो. गॅसच्या शेगडीसारख्या ज्योती भोकांतून आल्यासारख्या दिसतात. नळ्यांचे काम चालू असल्याची हीच खूण. आणखी कमी केली की ज्योती मधूनमधून येतात आणि मग पोट जवळजवळ अंधारे होते. इथे लोक दचकतात. कॅटॅलिस्टचा काटा वर असेल आणि धुराड्यातून धूर दिसत नसेल तर काळजीचे काही नाही. धूर आता जाळाशिवाय जळतो आहे.

पण काटा खाली येतो आहे आणि पोटात करडा धूर घुसळतो आहे, तर ते धुमसणे. दांडी एक घर उघडा.

सावधान: भरपूर लाकूड, खाली लाल निखारे आणि हवा एकदम बंद, असे केले तर पोटात न जळालेला वायू साठतो आणि एका ठिणगीने भडकतो. ‘भप्प’ असा आवाज येतो, सांध्यांतून धूर बाहेर पडतो. असे झाले तर दार उघडू नका. हवेची दांडी थोडी उघडा आणि जाळ परत लागू द्या.

दुसऱ्या टोकाला, कॅटॅलिस्टचा काटा ८५०–९०० अंशांच्या वर फार वेळ राहिला तर लेप मरत जातो. अशा वेळी काय करायचे ते स्टोव्हप्रमाणे बदलते, आधी हवा कमी करून पाहा. दाराची दोरी गळत असेल तर दांडी पूर्ण लावूनही काटा उतरत नाही. मग दोष दांडीचा नाही, दोरीचा.

बाहेर जाऊन धुराड्याकडे बघणे हीच सगळ्यात चांगली परीक्षा. थंडीत पांढरी वाफ दिसेल, ती थोड्या अंतरावर विरून जाते. निळसर किंवा करड्या रंगाचा, लांबवर लोंबत राहणारा धूर दिसला तर मघाच्या टप्प्यांत काहीतरी घाईने झाले आहे.

## टप्पा ५: पुन्हा लाकूड घालणे

खोलीत धूर येतो तो इथेच. क्रम पाठ करा:

१. हवा पूर्ण उघडा.
२. बायपास झडप उघडा.
३. एक-दोन मिनिटे थांबा.
४. दार बोटभर उघडून काही क्षण थांबा, हवा आत वाहू द्या.
५. मग दार सावकाश उघडा.

झडप लावलेली असताना दार उघडले तर धुराला कॅटॅलिस्टच्या बारीक घरांतून जाण्यापेक्षा तुमच्या तोंडावर येणे सोपे पडते.

निखारे सळईने पुढे, दाराकडे ओढून घ्या. तिथे हवा येते, म्हणून ते तिथे लवकर फुलतात आणि नवे लाकूड पुढून मागे पेटत जाते. लाकूड नळ्यांना किंवा फळीला टेकता कामा नये, वर ज्योतींना जागा हवी. पुढच्या हवेच्या भोकासमोरही फोड कोंबू नका.

झडप लगेच लावायची का? कॅटॅलिस्ट अजून २६० अंशांच्या वर असेल आणि लाकूड खरोखर कोरडे असेल तर नव्या फोडी पेटल्या की लावता येते, पाच-दहा मिनिटांत. काटा खाली गेला असेल तर टप्पा २ पुन्हा. शेवटी निखारे उरल्यावर काटा उतरणारच. निखाऱ्यांत धूर फारसा नसतो, त्याची चिंता करू नका. उलट निखाऱ्यांचा ढीग साचत असेल तर हवा थोडी वाढवून ते जाळून टाका, मगच नवे लाकूड.

राख सगळी काढू नका, दोन-तीन सेंटिमीटरचा थर निखारे जिवंत ठेवतो. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, लाकडापासून लांब ठेवा. राखेत निखारा काही दिवस जिवंत राहू शकतो.

धुराड्यातून कधी घोंगावण्याचा मोठा आवाज आला आणि पाइप धडधडू लागला तर क्रिओसोट पेटले आहे. दार आणि हवा बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा.

## टप्पा ६: कॅटॅलिस्टची सफाई

हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर एकदा. स्टोव्ह पूर्ण थंड हवा, म्हणजे आदल्या दिवशी विझलेला.

घरांत करडी उडती राख साचलेली दिसेल. मऊ ब्रशने झटका किंवा व्हॅक्यूमची नळी हलकेच फिरवा. तार घालून भोके मोकळी करू नका, दाबाच्या हवेने फुंकू नका, खरडू तर नकाच. भोक मोकळे होईल आणि लेप निघून जाईल. बाहेर काढला असेल तर परत बसवताना भोवतीची मऊ पट्टी फाटली आहे का पाहा. तिथून फट राहिली तर धूर कॅटॅलिस्टला बगल देऊन जातो. बहुधा ही पट्टी नवीच घालावी लागते.

ठोकळ्याला बारीक चीर दिसली म्हणून तो लगेच टाकू नका. तुकडे जागेवर असतील आणि काटा नीट चढत असेल तर तो काम करतो. घरे कोसळली असतील, तुकडे गळत असतील, तर मात्र बदला.

‘कॅटॅलिस्ट गेला’ असे म्हणण्यापूर्वी या क्रमाने तपासा: लाकडाची ओल, छताची फळी, बायपास झडपेचे टेकणे, दाराची दोरी, कॅटॅलिस्टमधली राख, तापमापक. सगळे ठीक असूनही, कोरड्या लाकडावर, पुरेसा तापवून झडप लावल्यानंतर काटा चढत नसेल आणि धुराड्यातून धूर येत असेल, तरच नवा आणा.